भूगोल चालेल, भूगर्भ नाही

मोटार निघायच्या बेतात होती आणि आमचं सगळ्यांचं रडून झालं होतं. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून शेवगावहून नगरला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. तिच्या पाठीला बांधलेली टाकी पेटवून, फुंकून, शिव्या देऊन गरम होईपर्यंत निरोप घेणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. आईनं दोनदा हातावर दही घातलं, मामीनं दोनदा कानशिलावर बोटं मोडली, तरी मोटार जागची हलेना. मग करायला काही उरलं नाही म्हणून मामा ड्रायव्हरशी बोलत बसला आणि तिथं घोटाळा झाला.

ड्रायव्हर कासमभाई आमच्या ओळखीचा. त्यानं सहज विचारलं, पोरगं कुठं निघालं? मामाला माझा भारी अभिमान. तो साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, उत्तरेत, गंगेकाठच्या विद्यापीठात, एम.ए. करायला. भूगोल आणि भूगर्भशास्त्र.

आई पाठमोरी होती. ती गर्रकन वळली.

आमच्या घरात तोवर ‘भूगोल’ हा एकच शब्द फिरला होता. त्यात लपवाछपवी काही नव्हती. माझा मुख्य विषय भूगोलच होता. जोडीला भूगर्भ घ्यावाच लागतो, हे मलाही अगदी शेवटी कळलं होतं. भूगोलाचं आईला भय नव्हतं. माझे वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. शाळेतला पृथ्वीचा गोल सुट्टीत आमच्या घरी यायचा आणि आई तो देवाच्या भांड्यांबरोबर पुसून ठेवायची. भूगोल म्हणजे नद्या, डोंगर, कुठं काय पिकतं ते, सगळं उजेडातलं. पण गर्भ हा शब्द तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्हंजी जमिनीच्या पोटात?” तिनं विचारलं.

मामा हौसेनं सांगायला लागला, खाणी कशा असतात, किती खोल असतात. मी त्याला डोळ्यांनी दटावतोय, पण तो कसला थांबतोय! तेवढ्यात इंजिन लागलं. आईनं खिडकीतून हात घालून माझा हात बाहेर ओढला आणि आपल्या गळ्यावर दाबून धरला.

“माझ्या गळ्याची शपथ हाय तुला, दत्ता. जमिनीच्या पोटात उतरायचं न्हाई. हीर न्हाई, पेव न्हाई, खान न्हाई. भूगोल कर. भूगर्भ न्हाई.”

मोटार हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली आणि मग धुरात दिसेनाशी झाली. मी नगरपर्यंत हात मांडीवर तसाच ठेवून बसलो होतो.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. पण माझी नातवंडं वाचतील, म्हणून सांगून ठेवतो. वडील विहिरीत गेले. कुणाची तरी विहीर खोल करायचं काम चाललं होतं. सुरुंग उडवले होते आणि त्याचा वायू तळाशी कोंडून राहिला होता. जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की आमच्याकडं आधी पेटता दिवा सोडून बघतात. दिवा विझला तर माणूस उतरवत नाहीत. पण विहीर वरून उघडी, तिला कशाला दिवा, असं सगळ्यांना वाटलं. गफूर नावाचा गडी उतरला आणि तळाशीच आडवा झाला. वडील शाळा सुटल्यावर घरी निघाले होते. त्यांनी कमरेला दोर बांधला, खाली गेले, तो दोर सोडून गफूरला बांधला आणि त्याला वर पाठवलं. वरची माणसं गफूरभोवती जमली, कुणी पाणी आणायला पळालं, कुणी वैद्याला बोलवायला. परत दोर सोडायचं ज्याच्या त्याच्या मनात होतं, आणि सोडला कुणीच नाही. आई पोचली तेव्हा दोर काठावर पडलेला होता. तिनं कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. “दोर कुनाच्या हातात हुता?” एवढंच ती विचारत राहिली, त्या दिवशी आणि पुढं कितीतरी दिवस. मी तेव्हा दुसरीत होतो.

आता गळ्याची शपथ म्हणजे काय, तेही सांगतो. ज्याच्या गळ्याची शपथ, ती मोडली तर तोच मरतो. मोडणाऱ्याला काही होत नाही, हा त्यातला खरा जाच. आणि शपथ सोडवायची तर जिनं घातली तिनंच आपल्या तोंडानं ‘सुटली’ म्हणायचं. पत्रानं चालत नाही, कुणाकरवी निरोपानं चालत नाही. लहानपणी आम्ही पोरं एकमेकांच्या मागं ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करत गावभर पळायचो, ते काय उगीच?

मी मूळचाच भित्रा. नगर स्टेशनवर गोऱ्या शिपायांची ही गर्दी, त्यांच्या ट्रंका, त्यांची आरडाओरड. मी माझी वळकटी छातीशी धरून मनमाडची गाडी येईपर्यंत खांबाला चिकटून उभा होतो. पुढं दोन गाड्या बदलल्या. सकाळी जाग आली तेव्हा बाहेर सपाट शेतं होती आणि त्यांना अंतच नव्हता. कुठं डोंगर नाही, टेकाड नाही, बांधावर धोंडा नाही. आपल्याकडं हातभर खणलं की मुरूम, आणखी खणलं की खडक. माणूस त्या खडकावर उभा आहे हे त्याला ठाऊक असतं. वसतिगृहात गेल्यावर कागद उडू नये म्हणून मी अंगणात दगड शोधायला निघालो, आणि मैदानभर हिंडून एक दगड मिळाला नाही. विटेचा तुकडा घेऊन आलो. माझा खोलीसोबती त्रिभुवन त्याच मुलखातला. तो हसून हसून बेजार झाला. म्हणाला, इथं कितीही खणा, माती आणि वाळूच. त्याला ते वैभव वाटत होतं. मला पायाखाली काहीच नाही असं वाटायचं. त्यात मधूनच कुणी तिकडं काही वर्षांपूर्वी झालेल्या मोठ्या भूकंपाच्या गोष्टी सांगायचं. मग काय विचारता! जेवताना पत्र्याची थाळी जरा हलली तरी मी दाराकडं बघायचो.

तरी अभ्यासात मी रमलो. नकाशे काढायचे, नद्यांची वळणं मोजायची, पावसाचे आकडे मांडायचे. हे आईच्या शब्दातलं होतं. भूगर्भाचे तासही वर्गातच व्हायचे, काचेच्या कपाटातले दगड हाताळायचे. दगड हातात आला की मला बरं वाटायचं. आमचे घोषालसर बंगाली, बुटके, धोतरावर कोट घालणारे. माझ्या हातातला काळा दगड बघून ते म्हणायचे, दत्तात्रय, हा तुझ्या घरचा. मी मनातल्या मनात म्हणायचो, कपाटातले दगड म्हणजे काही जमिनीचं पोट नव्हे. इथवर मी शपथेत होतो.

मी दुसऱ्या वर्षाला गेलो आणि दिवाळीच्या आधी फलकावर सूचना लागली. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी हिवाळ्यात झरियाच्या कोळसापट्ट्यात जायचं, खाणीत उतरून थरांचा आराखडा काढायचा. त्याच्यावाचून पदवी नाही. मी ती सूचना वाचली, खाली बसलो, पुन्हा उठून वाचली.

घोषालसरांना मी विचारलं, वरूनच काही काम देता का? ते म्हणाले, वरून खालचं कसं काढणार? त्रिभुवन म्हणाला, अरे जा, उतर, वर ये, आईला सांगूच नकोस. तिला कोण सांगायला जातंय? त्याचं बरोबर होतं. मी विज्ञान शिकत होतो. झरियात मी खाणीत उतरवणाऱ्या डोलीत बसलो म्हणून शेवगावात कुणाचा श्वास थांबत नाही, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? रोज जेवायला बसलं की मला दिसायचं, मी खाली उतरतोय आणि तिकडं आई भाकरी थापता थापता कलंडतेय. बाप विहिरीत गेला, आता आई माझ्या हातून जाणार. पदवी सोडावी आणि गावी जाऊन वडिलांच्या शाळेत मास्तर व्हावं, असंही एकदा ठरवून टाकलं होतं. मग वाटलं, एकदा तोंडदेखलं तरी विचारावं. दिवाळीच्या सुट्टीत मी घर गाठलं.

पहिले दोन दिवस माझी जीभच रेटेना. तिसऱ्या दिवशी आई जोंधळे पाखडत होती, तिथं जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सुटली म्हण, असं काही म्हणालो नाही. तसं म्हणायचं धैर्य नव्हतं. ती पाखडत राहिली. सूप खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “तिथं दोर कुनाच्या हातात असतो?”

मी म्हणालो, दोर लोखंडी असतो, इंजिनवर गुंडाळलेला असतो.

“इंजिन कुनाच्या हातात असतं?”

ते मला माहीत नव्हतं.  तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. मामानं तिची समजूत घालायचा प्रयत्न केला तर त्यालाच बोलून घेतलं. सगळं त्याच्या तोंडामुळं झालं होतं, ते खोटंही नव्हतं. दिवेलागणीला ती आपणहून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “हितनं न्हाई सुटायची. तिथं यिऊन सोडते.”

मी हबकलोच. जी बाई नगरच्या पुढं कधी गेली नव्हती, ती झरियाला निघाली! मामानं डोक्याला हात लावला आणि निमूटपणे पिशवी भरायला घेतली. त्या दोघांनी थेट झरियाला यायचं, मी विद्यापीठातून सगळ्यांबरोबर यायचं, असं ठरलं. मला आता नवीन भीती लागली. गाडीत गर्दी, शिपायांचे डबे, भाषा येत नाही, मामा वाटेत कुठं उतरला आणि राहिला तर? आणि घोषालसरांना काय सांगू? एम.ए.ला शिकणारा मुलगा आईला घेऊन खाणीवर आलाय!

आले दोघं. धर्मशाळेच्या ओट्यावर आई बसलेली दिसली तसा मी धावतच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन खाणीच्या तोंडाशी उभी राहिली. माझे सोबती एकमेकांना कोपरानं ढोसत होते. घोषालसरांना मी अडखळत सगळं सांगितलं. शपथ, विहीर, दोर. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आईपुढं जाऊन हात जोडले आणि कुणाला तरी खुर्ची आणायला सांगितली. आई बसली नाही. तिनं विचारलं, दोर धरणारा कोण ते मला दाखवा.

मग आमची वरात इंजिनघराकडं. इंजिन चालवणारे रमजानमियाँ, दाढी पांढरी, हात तेलानं काळे. आई दाराशी थांबली आणि मराठीत म्हणाली, “भाऊ, माझं लेकरू खाली चाललंय. ते वर येईस्तवर हात सोडू नका.” मी तर्जुमा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, “माँ, जब तक बेटा नीचे है, मैं यहीं हूँ.” आईलाही ते कळलं.

आम्ही परत खाणीच्या तोंडाशी आलो. त्या वेळी लढाईच्या कोळशाला माणसं पुरत नव्हती, म्हणून सरकारनं बायांना खाली उतरायची बंदी उठवली होती. बिलासपूरकडच्या बाया, डोक्यावर टोपल्या, डोलीसाठी रांगेत उभ्या होत्या. आईनं हे कधी ऐकलंही नव्हतं. ती त्यांच्याकडं बघतच राहिली. एका बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. ती ते भिंतीच्या कडेला पोत्यावर निजवून जायच्या बेतात होती. आईनं पुढं होऊन काही न विचारता हात पसरले. बाईनं एकदा आईकडं, एकदा पोराकडं पाहिलं आणि मूल देऊन टाकलं. दोघी आपापल्या भाषेत काहीतरी बोलल्या. मग आईनं ते पोर खांद्यावर टाकलं, मोकळ्या हातानं माझा हात धरून आपल्या गळ्याला लावला, आणि म्हणाली, “तू वर येस्तवर सुटली. वर आलास की हाय तशी लागली.”

डोली निघाली तसं पोट वर राहिलं आणि मी खाली गेलो. उजेडाचं तोंड लहान लहान होत गेलं. खाली पाणी ठिबकत होतं, दिव्याच्या उजेडात कोळशाची भिंत चकाकत होती. घोषालसर एका थरावर पानाचा ठसा दाखवत होते, कुठल्या तरी काळच्या झाडाचं पान, त्याची शीर न्‌ शीर दिसत होती. मी मान डोलावली. माझा हात आराखडा काढत होता आणि कान वरच्या दोराकडं होते. वडिलांना शेवटी काय दिसलं असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्यांच्याइतका धीट नव्हतो. बसून घ्यावंसं वाटायचं, पण बसलो तर उठणार नाही असं वाटून मी पूर्ण वेळ उभा राहिलो.

वर आलो तेव्हा आई जिथं उभी होती तिथंच होती. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि कोळशाच्या धुळीनं दोघांची तोंडं सारखीच काळी झाली होती. तिनं मला पाहिलं. “लागली,” एवढंच म्हणाली. आम्ही जितके दिवस उतरलो तितके दिवस ती रोज आली. शेवटच्या दिवशी ती बिलासपूरची बाई तिच्या पाया पडली आणि आई तिच्या पाया पडली, आणि मामा नाक शिंकरत लांब जाऊन उभा राहिला.

मला पदवी मिळाली. त्याच पट्ट्यात नोकरीही मिळाली, थरांची मोजणी करायची. म्हणजे रोज खाली. आई गावी, मी इथं, रोज कोण सोडणार? मी विचारलं तर म्हणाली, तू तुझं काम कर, माझं मी बघते. काय बघते ते तिनं सांगितलं नाही.

ते मला पुढच्या वर्षी रजेवर गेलो तेव्हा कळलं. मी सकाळी घोंगडीत पडलो होतो. आई चूल सारवत होती. सारवून झालं, तिनं हात धुतले, गळ्याला लावले आणि उत्तरेकडं तोंड करून म्हणाली, “सुटली.” मी तिथंच, तिच्यापासून चार हातांवर झोपलोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं, इतकी ती सवय झालेली. दिवेलागणीला तुळशीपुढं दिवा ठेवून झाल्यावर म्हणाली, “लागली.” मी मामीला विचारलं. मामी म्हणाली, “रोजचंच हाय ते. ताप आला तरी चुकत न्हाई.”

मी मनात पाळ्यांचा हिशेब करायला लागलो. कारण खाणीला काही सूर्य नसतो. तिथं तीन पाळ्या चालतात, आणि दुसऱ्या पाळीचा माणूस दिवेलागणीला खालीच असतो. हे मी आईला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती जागत बसली असती. मी फक्त दिवसाचीच शिफ्ट घ्यायला लागलो. त्यासाठी हातापाया पडलो, दुसऱ्यांची सुट्टीतली कामं ओढली, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. इथले लोक मला ‘दिनबाबू’ म्हणायचे. संध्याकाळ व्हायला आली की मी हातातलं टाकून डोलीकडं धावायचो. सगळे हसायचे. हसोत बापडे. तिकडं आई दिवा लावत असेल आणि मी वर आलेलो नसेन, हे मला सहन होणारं नव्हतं.

तुमच्यातले जे गावी राहिले त्यांना वाटतं, आम्ही बाहेर पडलो आणि सुटलो. आणि आम्ही बाहेर पडलेले, आम्हाला वाटतं तुम्ही तिथं सुखात आहात, कसली भीती नाही. मला विचाराल तर माझं घर ना शेवगावात होतं ना या कोळशाच्या मुलखात. मी वर आलो की नाही याची जिला रोज संध्याकाळी काळजी होती, ती होती तिथं माझं घर होतं. एवढं साधं आहे. ते मला कळायला ती जावी लागली.

आई लढाई संपल्यावर काही वर्षांनी गेली. मी जवळ होतो. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण सकाळचं आणि दिवेलागणीचं चुकलं नाही. ती भर दुपारी गेली. सगळं आवरल्यावर मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, “दुपारची गेली बघ. म्हंजी सुटलेलीच गेली. आता तुला कसलं भ्या न्हाई.” तिनं ते माझ्या बऱ्यासाठीच म्हटलं. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. मामीच्या मुलांच्या ताब्यात घर देऊन मी निघालो.

कामावर रुजू झालो त्या दिवशी मी डोलीपाशी थांबलो. कशासाठी थांबलो ते मलाही सांगता येत नव्हतं. मागचे लोक खोळंबले, कुणीतरी ढकललं, मी आत शिरलो. इतकी वर्षं रोज उतरत होतो, पण त्या दिवशी जसा घाबरलो तसा पहिल्या दिवशीही घाबरलो नव्हतो. आता माझ्यामुळं कुणाला काही होणार नव्हतं. हवं तितका वेळ खाली राहता आलं असतं. मी राहिलोही, संध्याकाळ उलटून गेली तरी काम करत राहिलो, धावलो नाही.

वर आलो तेव्हा दिवे लागले होते. माणसं टोप्या झटकत आपापल्या वाटेनं निघाली होती. मी हातातला दिवा परत दिला आणि तिथंच उभा राहिलो. पाळीचा सरदार, म्हणजे आमचा मुकादम, जाता जाता थांबला आणि म्हणाला, “बाबू, घर नहीं जाना?”

मी म्हणालो, जाना है. आणि कुठं जायचं ते मला काही केल्या सुचेना.